बालवाडीच्या पालकसभेला पालकच येत नाहीत. काय करावं?

बालवाडीच्या_बाई | १९ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, पाककृती विभाग सोडला तर कुठे लिहिलेलं नाही. आज लिहितेय कारण डोकं फिरलंय.

मी इचलकरंजीत एका ट्रस्टच्या बालवाडीत शिकवते. अकरा वर्षं झाली. पटावर ३४ मुलं, साडेतीन ते साडेपाच वयाची. एक मी आणि एक मदतनीस मावशी. पालक बहुतेक यंत्रमागावरचे. वडील माग चालवतात, बारा-बारा तासांची पाळी. आया कारखान्यात नाहीतर घरी कांड्या भरतात (मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम), काही जणी धुणंभांडी करतात.

आज पालकसभा होती, सकाळी अकराला. आठ दिवस आधी चिठ्ठ्या दिल्या, फळ्यावर लिहिलं, काल सुटताना तोंडीही सांगितलं. सतरंजी कमी पडेल म्हणून शेजारच्या देवळातून आणखी एक मागून आणली. चहा, ग्लुकोजची बिस्किटं. आले किती? सहा आया आणि एक आजोबा. त्यातली एक पंधरा मिनिटांत उठली, "बाई, कांड्या पडल्यात घरी." तिच्यामागोमाग दुसरी. "मुलाच्या सर्वांगीण विकासात पालकांची भूमिका" यावर मी दोन पानं टिपण काढलं होतं. ते चार आया, आजोबा आणि मावशींना वाचून दाखवलं. आजोबांना डुलकी लागली.

या लोकांना पोरांचं पडलेलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. तेल लावून, चापूनचोपून भांग पाडून, बटणं लावून रोज पोराला दारापर्यंत आणतात. पण उंबऱ्याबाहेरच थांबतात. आत या म्हटलं तर "नको बाई, अंगावर कापूस हाय." पोराबद्दल काही विचारलं तर "तुमीच बघा बाई, आमास्नी काय कळतंय त्यातलं."

कोणी काही वेगळं करून पाहिलं असेल तर सांगा. फक्त बक्षीस सुचवू नका. मागच्या वर्षी स्टीलचा डबा वाटला होता. २९ जण आले. पुढच्या सभेला पाच, तेही "या टायमाला काय हाय?" असं विचारून.

---

ठाणेकर_बाबा | १९ जुलै, रात्री ११.०५

ताई, खासगी शाळांत पालक उत्साहाने येतात असा समज असेल तर आधी तो काढून टाका. माझी लेक ज्युनियर केजीत आहे. फी सांगत नाही, लाज वाटते. आम्हाला वॉचमनच्या पुढे प्रवेश नाही. शाळेचं अ‍ॅप आहे, त्यावर फीची आठवण आणि फोटो येतात. फोटोत सगळी मुलं हसत असतात. माझी मुलगी दिवसभर हसणारी नाही, मला माहीत आहे ना.

आणि "पालक सहभाग" म्हणजे काय, तर रात्री साडेदहाला मेसेज, उद्या वाहतुकीच्या साधनाची प्रतिकृती आणा. मी रात्री एकपर्यंत बसून थर्माकोलचा अग्निबंब बनवला. लेक झोपली होती. जागी असती तरी हात लावू दिला नसता, खराब होईल म्हणून. दुसऱ्या दिवशी पहिलं बक्षीस. कोणाला ते विचारू नका.

---

लिंबूटिंबू | १९ जुलै, रात्री ११.१८

आजोबांच्या डुलकीला माझे दहा पैकी दहा. सर्वांगीण विकासावर मीही झोपलो असतो. :)

---

खडू_फळा | २० जुलै, सकाळी ७.५०

थोडी उलटी बाजू मांडते. नाशिकला इंग्रजी माध्यमाच्या केजीला शिकवते, चौदा वर्षं. पालक येत नाहीत म्हणून रडू नका, येतात तेव्हा काय होतं ते आम्हाला विचारा. एक आजी मधल्या सुट्टीत खिडकीतून घास भरवायच्या. एका आईने दाराच्या फटीतून माझं चित्रण करून ग्रुपवर टाकलं, मुलं "नुसती खेळतात" म्हणून. आणि प्रत्येक सभेत तोच प्रश्न, लिहायला कधी घेणार? साडेतीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरायची ताकद नसते हो. त्याआधी कणीक मळणं, मणी ओवणं, कागद फाडणं, चिमटीने उचलणं हे सगळं व्हावं लागतं. पण ते दाखवलं की पालकांना वाटतं फी फुकट गेली.

तेव्हा पालकांना बोलवायचं तर आधी हद्द आखा. कोणी यायचं, किती वेळ, काय करायचं, काय नाही. आणि बाहेरचा माणूस वर्गात मुलांबरोबर एकटा कधीही नको. हा नियम पहिल्या दिवसापासून, तोंडदेखला नव्हे.

---

निवृत्त_मुख्यसेविका | २० जुलै, दुपारी २.१५

बाई, तुमच्या पोस्टमधला उंबरा वाचून थांबले. तीस वर्षं अंगणवाड्या बघण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावते.

बालवाडीत घरची माणसं येत नाहीत ही तक्रार आपल्याकडे बालवाडीइतकीच जुनी आहे. आपल्याकडे बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरला गुजराती बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या, १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पण शहरातली ती बालमंदिरं खाऊनपिऊन बऱ्या घरच्या मुलांची. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि तिथे दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. कशी येणार? धाकट्याला सांभाळायचं कोणी, पाणी भरायचं कोणी? तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी मुलांना ओढून आणण्याचा नाद सोडला आणि बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. "अंगणवाडी" शब्दातलं अंगण ते. पुढे १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांमध्ये काम सुरू झालं, तिथे गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. परदेशी महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, खडे, पानं, बिया वापरल्या. म्हणजे घरच्यांच्या रोजच्या हाताखालच्या वस्तू.

अंगणवाड्यांची सरकारी योजना (एकात्मिक बाल विकास सेवा योजना) आली २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ प्रकल्पांपासून. तीत शाळापूर्व शिक्षण कागदावर पहिल्यापासून आहे. प्रत्यक्षात मात्र आहार, लसीकरण, वजन, रजिस्टरं यांतच सेविकेचा दिवस संपतो, आता त्यात मोबाइलवर माहिती भरायची भर. त्यामुळे आईच्या डोक्यात अंगणवाडी म्हणजे खाऊ आणि वजन. पण गंमत सांगते. पालकसभेला न येणारी आई वजनाच्या दिवशी कंबरेवर पोर घेऊन स्वतःहून यायची. का? काटा किती दाखवतो हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असायचं. तिथे ती ऐकायला आलेली नसते, बघायला आलेली असते. आमची एक सेविका हुशार होती. वजनाची रांग मुद्दाम वर्गातून काढायची. रांगेतल्या आयांच्या समोर मुलं ठोकळे रचत बसलेली. दोन महिन्यांत आया विचारायला लागल्या, "आमचा काल निळा निळा करत होता, ते हेच का?" त्या प्रश्नासाठी आम्ही एरवी प्रशिक्षणावर प्रशिक्षणं घेत होतो.

सभा बंद करून बघा थोडे दिवस.

---

बालवाडीच्या_बाई | २० जुलै, रात्री ९.४०

निवृत्तताई, वजनाची रांग वाचून हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. माझ्या सभेत बघण्यासारखं काय होतं? मी आणि माझी दोन पानं.

खडू_फळा, तुमचा नियम वहीत लिहून घेतला. ठाणेकर, अग्निबंबाचं बक्षीस जपून ठेवा. :)

---

किवी_पुणेकरीण | २१ जुलै, पहाटे ४.३०

ऑकलंडहून. इथे प्लेसेंटर नावाचा प्रकार आहे, १९४१ साली वेलिंग्टनला सुरू झालेला. तिथली सत्रं पालकच चालवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मुलाला सोडून निघायच्या तयारीत पर्स खांद्याला लावूनच उभी होते. एका बाईने हातात रंगाचा डबा दिला आणि म्हणाली, चिखलाच्या बाजूला आज तू. मी! घरी मुलाचे पाय ओले झाले तरी ओरडणारी मी! पहिले दोन महिने रोज वाटायचं, शिक्षिका कुठे आहे, हिला पगार मिळतो ना मग मी का राबू. पालकांसाठी तिथे अभ्यासवर्गही असतात. हळूहळू मला दुसऱ्यांची मुलं दिसायला लागली आणि मग स्वतःचं जरा बरं दिसायला लागलं.

पण हे इथे जमतं कारण दोघांपैकी एकाला सकाळ मोकळी मिळते. ज्यांना मिळत नाही ते सरळ डे-केअरला घालतात. कांड्या भरणाऱ्या आईला तास काढून ये म्हणणं म्हणजे तिची त्या तासाची मजुरी मागणं आहे. हे विसरून इथलं मॉडेल तिथे चिकटवू नका, एवढंच.

---

झेडपी_गुरुजी | २१ जुलै, रात्री ८.१०

जालना जिल्हा. करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा आमच्या गावात चार-पाच आयांचे गट केले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर एक खेळ पाठवायचो, भाजी निवडताना मोठी पानं-लहान पानं वेगळी करायची, असलं काहीतरी. फोन बाप्याकडे आणि बाप्या शेतात, त्यामुळे निरोप रात्री नऊला पोचायचा. तरी चाललं. पुढे २०२२ ला "पहिले पाऊल" शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले. नोंदणी धरून सात टेबलं, एकेका टेबलावर मुलाला काय येतं ते आईच्या देखत बघायचं आणि तिच्या हातात कार्ड द्यायचं. माझ्या टेबलावर एका मुलाला दोरीवरून चालता येईना. आई म्हणाली, "सर, याला बांधावरून पळताना बघा." आम्ही टेबल सोडून बांधावर गेलो. पळाला बेटा.

अवांतर: शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला लागतात. पण तो कायदा ६ ते १४ चा. तुमच्या बालवाडीला असली समिती कोणी बंधनकारक केलेली नाही. अर्थात आमच्याकडे आहे म्हणून फार उजेड पडलाय असंही नाही. सह्या घरपोच होतात.

---

बालवाडीच्या_बाई | २४ सप्टेंबर, रात्री १०.५५

धागा वर काढतेय. दोन महिने झाले. काय काय झालं ते लिहिते, जमलेलं आणि फसलेलं दोन्ही.

सभा बंद केली. ट्रस्टच्या साहेबांना सांगितलं, दिवाळीपर्यंत घेणार नाही. ते म्हणाले, अहवालात काय लिहू? मी म्हटलं, बघू.

"अंगावर कापूस हाय" म्हणणाऱ्या आईला दारातच विचारलं, रिकामे कोन मिळतील का? सुताचे पुठ्ठ्याचे कोन असतात ते. दुसऱ्या दिवशी बाई पोतं घेऊन हजर! जवळजवळ सत्तर कोन. कुठे ठेवू म्हणाली. मी म्हटलं, आत, त्या कोपऱ्यात. आली. पोतं ओतलं आणि पोरं तुटून पडली. एकात एक घालून उंच मनोरा, मग रंगाप्रमाणे रांगा, कारण टोकाच्या रंगीत पट्ट्या वेगवेगळ्या. तिचा मुलगा मनोऱ्यापाशी ओरडून सांगत होता, "माझ्या आईनं आणल्यात." ती वीस मिनिटं भिंतीला टेकून उभी. जाताना म्हणाली, "बाई, हिरवी पट्टी म्हंजे जाड सूत. त्यांनी बराबर येगळं काढलंय." सुतांचा हा फरक मला अकरा वर्षांत माहीत नव्हता. पट्ट्यांचे रंग मिलप्रमाणे बदलतात म्हणे, म्हणजे तेही तिच्याकडूनच शिकायचं.

मग वडील. रात्रपाळी सुटली की आमच्या गल्लीवरूनच घरी जातात. एकाला म्हटलं, दहा मिनिटं या, मागावर धागा तुटला की गाठ कशी मारता ते मुलांना दाखवा. "त्यात काय दावायचं?" म्हणाला. पण आला. रात्रभराचे तारवटलेले डोळे, भुवयांवर पांढरं तूस. मांडी घालून बसला, खिशातून धाग्याचं गुंडाळं काढलं, दोन टोकं चिमटीत धरली आणि अंगठ्याखाली काहीतरी केलं. झाली गाठ. कोणालाच दिसली नाही. मुलं म्हणाली, परत. परत केली. परत दिसली नाही. अशी नऊ वेळा. शेवटी मावशींनी जाड सुतळी आणली आणि तो एकेक बोट थांबवत दाखवायला लागला. चौतीस मुलं एवढी गप्प मी कधी बघितली नाहीत. गाठ एकालाही जमली नाही, सुतळी मात्र आठवडाभर सगळ्यांच्या हातात होती.

खडू_फळा, हे खास तुमच्यासाठी. त्याच दिवशी दारात दुसरे एक वडील मला विचारत होते, पोरगं लिहाय कवा लागणार? मी तोंड उघडायच्या आत हा आतून म्हणाला, "दाजी, बोटं तयार झाल्याबिगर गाठ बसत न्हाई. मला शिकाय तीन म्हैने लागलं, तेबी आठरा वर्साचा असताना." दाजी गप्प. माझी दोन पानं मी फाडली.

एक आई कानडी. कर्नाटकातनं लग्न होऊन आलेली, मराठी अडखळत, त्यामुळे दारातही कोणाशी बोलायची नाही. तिची मुलगीही वर्गात तोंड मिटून. तिला म्हटलं, तुमच्या भाषेत पाचपर्यंत मोजून दाखवा. ओंदु, एरडु, मूरु, नालकु, ऐदु. कोन मोजताना पोरं आता तसंच मोजतात. मुलगी अजून फार बोलत नाही. पण "ऐदु" चुकलं की सुधारते.

आता फसलेलं. एक जण सकाळी नऊला पिऊन आला. मावशींनी बाहेरच्या बाहेर चहा पाजून परत पाठवला, त्याच्या पोराला काही कळू दिलं नाही. कळलंच असेल. एका आईला मी भाकरी थापायला बोलावलं, तर दुसऱ्या दिवशी तिची सासू भांडायला दारात, "आमच्या सुनेला सैपाकाला लावताय काय?" चूक माझी होती. घरात जे काम करून बाई पिचलेली असते तेच इथे येऊन कर म्हणाले. आणि साहेबांना कोणीतरी जाऊन सांगितलं की बालवाडीत गडीमाणसं येऊन बसतात. तेव्हा, खडू_फळा, तुमचा नियम कामी आला. मी किंवा मावशी कायम वर्गात, येणाऱ्याचं नाव-वेळ वहीत, मुलाला बाहेर नेणं नाही. वही दाखवली, साहेब निवळले.

हिशोब: ३४ पैकी १९ घरांतून एकदा तरी कोणी उंबऱ्याच्या आत येऊन बसलं. १५ घरं अजून बाहेरच. त्यातल्या चार-पाच आया सकाळी सातला कामावर जातात, पोराला मोठी बहीण सोडते. त्यांना कसं गाठायचं मला कळलेलं नाही.

---

निवृत्त_मुख्यसेविका | २५ सप्टेंबर, सकाळी ९.०५

सातला जाणाऱ्यांना बोलावू नका. तुम्ही जा. संध्याकाळी, पण वही न घेता. वही दिसली की सर्वेक्षणवाली आली असं वाटतं आणि रेशनकार्ड बाहेर येतं.

आणि ती मोठी बहीण काय पाचवी-सहावीत असेल ना? तिला आत बसवा दहा मिनिटं. घरात तीच आई आहे.

---

ठाणेकर_बाबा | २५ सप्टेंबर, सकाळी १०.४०

गाठीचं वाचून ऑफिसात बायकोला फोन करून सांगितलं. मी शाळेला मेल टाकला होता, येऊन मुलांना काही दाखवू का म्हणून. उत्तर आलं, "करिअर डे"ला या, ब्लेझर घालून. दाखवायचं काय तोही प्रश्न आहे म्हणा. मी दिवसभर एक्सेलमध्ये रकाने रंगवतो. लेकीला विचारलं, बाबा काय काम करतो? म्हणाली, "म्यूट करतो."

---

लिंबूटिंबू | २५ सप्टेंबर, सकाळी १०.५२

म्यूट :) :)

पण बाई, त्या डुलकीवाल्या आजोबांचं काय झालं ते राहिलं.

---

बालवाडीच्या_बाई | २५ सप्टेंबर, रात्री ९.३०

आजोबा रोज येतात! नातवाला सोडून घरी जायचं कशाला म्हणून पायरीवर बसायचे, आता आत बसतात. गोष्ट सांगा म्हटलं तर सांगत नाहीत, त्यांना येत नाही म्हणतात. पण कोणी रडत आलं की ते पोर त्यांच्या मांडीवर. काही बोलत नाहीत, नुसतं थोपटतात. सव्वादहाला दोघंही झोपलेले असतात.

निवृत्तताई, बहीण सहावीतच आहे. उद्या थांबवते.

---

खडू_फळा | २६ सप्टेंबर, सकाळी ७.४५

माझ्या पालकांपैकी एकाचंही काम हाताने दाखवण्यासारखं नाही असं मला वाटत होतं. काल आठवलं, एका मुलीच्या वडिलांची पंक्चरची टपरी आहे, शाळेपासून दोन मिनिटांवर. ते सभेला येतात पण कायम शेवटच्या रांगेत. पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणं! विचारते त्यांना. मुख्याध्यापिकांचं काय ते नंतर बघू.

बाई, थोडे कोन कुरिअरने पाठवाल का? वीस-पंचवीस पुरे. पैसे पाठवते.

---

बालवाडीच्या_बाई | २६ सप्टेंबर, दुपारी १.२०

पैसे नकोत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कोनवाल्या आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "नाशकाला? मग हिरव्या पट्टीचंच द्या, दबत न्हाईत."